कमी मार्क पडले की पास

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात गाडीचा हॉर्न बिघडला तर मिस्त्री शोधत हिंडावं लागतं. गाडी पीयूसीत नापास झाली की मात्र मिस्त्रीच्या आधी निम्मं गाव इलाज घेऊन दारात येतं. कोणी म्हणतो, टाकीत पावशेर थिनर ओता. दुसरा म्हणतो, थिनरनं रबर जातं, स्पिरिट ओता. तिसऱ्याचा सल्ला, एअर फिल्टर काढून घरीच ठेवा, मशीनला काय दिसतंय! चौथा सायलेन्सरला वरच्या अंगानं बारीक भोक पाडायला सांगतो, म्हणजे धूर वाटेतच पातळ होतो. एका म्हाताऱ्यानं लिंबू-मिरची बदलायला सांगितली, कारण जुनी वाळून गेली होती. यातला एकही माणूस स्वतः गाडी चालवत नव्हता.

गाडी आमच्या मामांची. मारुती ८००, १९९८ सालची, केए-३८, म्हणजे बीदरची. या जातीची गाडी पहिल्यांदा विकली गेली १४ डिसेंबर १९८३ ला आणि कारखान्यानं तिचं उत्पादन थांबवलं ते जानेवारी २०१४ मध्ये. मामांनी अजून थांबवलेलं नाही. बीदरच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनी घेतली, तेव्हा ती पांढरी होती. आता तिचा रंग ऋतुमानाप्रमाणे असतो. पावसाळ्यात काळ्या रानाचा, माघात तुरीच्या भुशाचा. मामांचं गाव औराद तालुक्यात, सासुरवाडी उदगीरची, त्यामुळे गाडीनं दोन्ही राज्यांतले खड्डे सारख्याच निष्ठेनं पाहिलेत. मामा मराठी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चूक दिसली की हात अजून खिशातल्या लाल पेनाकडे जातो.

पेट्रोल ते कायम सीमेच्या अलीकडचंच भरतात, कारण कर्नाटकात ते स्वस्त पडतं. उदगीरकडचे पाहुणे येतात तेही परत जाताना टाकी भरूनच जातात. पाहुण्यांचं प्रेम मोजायचं हेही एक माप आहे, पण तो विषय वेगळा.

आमचे एक साडू आळंदला असतात. त्यांची गाडी मामांच्या गाडीहून फार तरुण नाही, पण ती कधीच नापास होत नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे. ते गाणगापूरला जातात, संगमावर आंघोळ, मंदिरात दर्शन, गाडीच्या बॉनेटला अंगारा, आणि परतताना कुठंही न थांबता थेट कलबुर्गीच्या तपासणी केंद्रावर. गाडी पास. सगळी दत्तगुरूंची कृपा. मी त्यांच्या श्रद्धेला हात लावत नाही, लावला तर घरात जेवण मिळणार नाही. पण गाणगापूर ते कलबुर्गी हा तास-सव्वा तासाचा रस्ता धावून आलेलं इंजिन चांगलं तापलेलं असतं. थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, चोक ओढलेला असला तर मिश्रण आणखी घट्ट होतं, मग अर्धवट जळलेलं सगळं मागून बाहेर. तापलेल्या इंजिनात ते बऱ्यापैकी जळून जातं. साडूंची यात्रा म्हणजे यंत्रशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलं पान आहे, फक्त ते पान त्यांनी नारळाबरोबर वाहिलेलं आहे. उलट मामा सकाळी उठून, आंघोळ करून, सगळ्यात आधी नंबर लागावा म्हणून जवळच्या केंद्रावर जातात. गाडी तोवर डोळेसुद्धा चोळत नसते.

तशी ती गेली आणि नापास झाली. मामांना धक्का बसला तो नापास होण्याचा नव्हे, कारणाचा.

"आरं, धूर कुठं निघलालाय? दाव मला," ते केंद्रावरच्या पोराला म्हणाले. पोरगा विशीतला, कानात एक बोंडूक, कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून हिंदीत न अडखळता उड्या मारणारा. धूर खरंच दिसत नव्हता. पोरगा म्हणाला, "दिसत नाही म्हणून तर मशीन ठेवलंय, सर."

हे उत्तर मला फार आवडलं. पेट्रोलच्या गाडीत मोजतात ते दोन वायू: कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन. पहिल्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच घेऊन जातो. आपल्याकडे मात्र प्रदूषण म्हणजे काळं. जे काळं नाही ते सोज्वळ, असा आपला गाडीपासून माणसांपर्यंत सगळीकडे समज. बीदरच्या लोकांनी तरी असं समजू नये. इथल्या बिदरी कामाची सगळी किंमत काळ्या रंगाला आहे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची नक्षी बसवतात आणि किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून त्याला असं काळं करतात, की चांदी चमकून उठते. मामांनी सायलेन्सरमध्ये बोट घालून पाहिलं तेव्हा बोटही त्याच काळ्याचं निघालं. चांदी तेवढी नव्हती.

मग मामांनी यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाचले. त्यांच्या गाडीच्या पिढीला, म्हणजे भारत स्टेज दोनच्या आधीच्या गाड्यांना, कायदा बराच दयाळू आहे. कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतं, हायड्रोकार्बन दीड हजार पीपीएमपर्यंत. त्यानंतरच्या गाड्यांना अर्धा टक्का आणि साडेसातशे, आणि भारत स्टेज चारपासून ०.३ टक्का आणि दोनशे. म्हणजे वय वाढेल तशी सवलत वाढते. मामांची गाडी साडेचारच्या पुढं होती.

"तीनला पास. आपल्याला साडेचार," मामा म्हणाले. "जास्त पडले की रे."

जन्मभर पस्तीसला पास करणाऱ्या माणसाला हे पचणं अवघड होतं. ज्या परीक्षेत शून्य मिळालेला पहिला येतो, ती परीक्षा मामांना पोरांनीच काढलेली वाटली. त्यात हातात आली नापासाची चिठ्ठी. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं सगळ्या देशाला एकच नमुन्याचं पीयूसी प्रमाणपत्र आणलं, त्यावर क्यूआर कोड, मालकाचा मोबाइल नंबर सक्तीचा, आणि गाडी नापास झाली तर तशी लेखी चिठ्ठी. याआधी नापास गाडीला नुसतं मान हलवून परत पाठवत. आता तिला 'साभार परत' मिळतं. मी मासिकांना लेख पाठवणारा माणूस, या चिठ्ठीचा मजकूर मला पाठ आहे. मामांना म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, दुसरीकडे पाठवू.

दुसरीकडे म्हणजे उदगीरला. सीमेवरचा माणूस कुठल्याही संकटात आधी पलीकडे बघतो. कर्नाटकात अडलं की महाराष्ट्र, महाराष्ट्रात अडलं की कर्नाटक, आणि दोन्हीकडे अडलं की जहीराबाद. प्रमाणपत्र देशात कुठलंही चालतं हे खरंच आहे. पण उदगीरचं यंत्रही तेच आकडे दाखवणार होतं आणि वायूला राज्य कळत नाही. तोवर शेजारच्यांनी दंडाची बातमी आणली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पीयूसी नसल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आधी हा दंड एक हजार होता. मामा म्हणाले, "दहा हजारात तर गाडीच येते की." किंमत त्यांनी थोडी जास्तच लावली होती.

मग आम्ही मिस्त्रीकडे गेलो. बीदरच्या जुन्या गावात यांचं गॅरेज, म्हणजे एक लिंबाचं झाड, दोन खाटा आणि तीन पिढ्यांचे पाने. वय सत्तरीचं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मामा त्यांना उस्ताद म्हणतात आणि ते मामांना गुर्जी. दोघंही एकमेकांना शिकवतात आणि दोघंही ऐकत नाहीत.

उस्तादांनी नापासाची चिठ्ठी पाहिलीच नाही. ते सरळ गाडीच्या मागे उकिडवे बसले, सायलेन्सरच्या तोंडात तर्जनी फिरवली आणि काजळी अंगठ्यावर चोळली. बराच वेळ चोळली. आमच्याकडे तांदळाचा दाणा शिजला का ते असं बघतात.

"सुखा है," ते म्हणाले. "तेल का नहीं. रिंगाँ अच्छे हैं गुर्जी, घबराव नक्को."

म्हणजे काजळी ओली, तेलकट असती तर इंजिन ऑईल जाळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, खर्च मोठा. कोरडी म्हणजे फक्त पेट्रोल जास्त आणि हवा कमी. गाडीचं नाक बंद आहे, एवढंच. हे निदान करायला त्यांना एक बोट लागलं.

मग त्यांनी एअर फिल्टर काढला. मामांची गाडी खळ्याशेजारी उभी असते आणि ते दिवस तुरीच्या मळणीचे. फिल्टरच्या घडीघडीत तुरीचं भुसं बसलं होतं आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, नीट, दोन खोल्यांचं. उस्तादांनी ते घर हातावर घेऊन मामांना दाखवलं. "किरायेदार," ते म्हणाले. फिल्टर झाडावर दोनदा आपटला तेव्हा इतकी धूळ उडाली, की खाटेवर निजलेलं पोरगं उठून खोकायला लागलं. त्या धुळीची पीयूसी कोणी मागितली नाही. शेवटी तो फिल्टर फेकलाच आणि नवा घातला.

म्हणजे फिल्टर काढून घरी ठेवा म्हणणारा शेजारी अगदीच खुळा नव्हता. बंद फिल्टरपेक्षा फिल्टर नसलेला बरा, कार्बन मोनॉक्साइड उतरतं. फक्त परतीच्या वाटेवर निम्मं औराद इंजिनाच्या पोटात जातं. भोक पाडणाऱ्याचा हिशेबही चुकीचा नव्हता, बाहेरची हवा मिसळली की आकडा पातळ होतो. ती मात्र सरळ लबाडी. मला गावच्या या सल्ल्यांची गंमत वाटते ती याचसाठी. प्रत्येकात थोडं शास्त्र असतं आणि थोडा चोरपणा, आणि सांगणाऱ्याला कुठं काय संपतं याची फिकीर नसते.

तीन सिलिंडर, तीन प्लग. उस्तादांनी ते पॉलिश पेपरनं घासले आणि डोळ्याजवळ धरून फट बघितली. ठिणगी चुकली की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. मग पेट्रोलवर थोडी चर्चा झाली. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. ते होतं उसापासून, मक्यापासून. भालकी-हुमनाबादकडं ऊस उदंड, त्यामुळे हा आपल्याच रानाचा माल आपल्याच गाडीत, असं मामांना अभिमानानं वाटतं. उस्तादांना वाटत नाही. जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, कार्ब्युरेटरमधले पडदे कडक होतात, अशी त्यांची तक्रार. पण त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मोनॉक्साइड उलट थोडं कमी होतं. एकाच घोटात औषधही आणि अपायही.

"पीके जाती तो पास होती," उस्तादांनी निकाल दिला.

आणि शेवटी कार्ब्युरेटरवरचा तो स्क्रू. इंजिन नुसतं गुरगुरत उभं असताना त्यात पेट्रोल किती जावं हे ठरवणारा. नव्या गाडीत हे काम संगणक करतो. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावणं सक्तीचं झालं, पण बीदर काही महानगर नव्हतं आणि मामांच्या गाडीत तसलं काही नाही. सगळी शिस्त त्या एका पितळी स्क्रूवर. मी वाकून पाहिलं तर स्क्रूभोवती नेलपॉलिशच्या दोन खुणा होत्या, एक लाल, एक पांढरी. घरातून कुणाची तरी बाटली गेली असणार. उस्तादांनी स्क्रू लालवरून पांढऱ्यावर आणला. इंजिनाचा आवाज बारीक झाला.

"सफेद पे लेके जाव. रस्ते में बंद नक्को करो. सीधा जाव."

केंद्रावर आमच्या पुढं एक डिझेलची जीप होती. या भागात बस जात नाही तिथं ती जाते, आणि तिच्यात किती माणसं बसतात हे फक्त ती उलटल्यावर पेपरात येतं. डिझेलची तपासणी वेगळी. गाडी उभी ठेवायची आणि पेडल एकदम तळापर्यंत दाबायचं, असं पुन्हा पुन्हा. दर वेळी जो धूर निघेल त्यातून उजेड किती आरपार जातो ते यंत्र मोजतं. जुन्या गाडीला २.४५ ची मर्यादा, नव्यांना याहून कमी.

"रेस माड्री!" पोरगा ओरडला. ड्रायव्हरनं पेडल दाबलं. केंद्र, पोरगा, त्याचा संगणक, शेजारचं उसाच्या रसाचं दुकान, सगळं गडप झालं. धुरातून पोरग्याचा आवाज आला, "इन्नोंद सल!" पुन्हा ढग. रसवाल्यानं गिऱ्हाइकाच्या ग्लासावर तळहात ठेवला. त्या चौकात वर्षभरात जेवढा धूर होत नसेल तेवढा प्रदूषण तपासणीमुळे होतो, हे त्या रसवाल्याइतकं कोणालाच माहीत नाही.

आम्ही खोकत होतो तेवढ्यात वरून विमानांचा आवाज आला. बीदरला हवाई दलाचा तळ आहे, आणि 'सूर्यकिरण' हे कसरती करणारं पथक १९९६ मध्ये इथंच स्थापन झालं. नऊ विमानं पंखाला पंख लावून उडतात आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी आभाळात केशरी, पांढरा, हिरवा धूर सोडत जातात. तो धूर होतो कशाचा, तर तापलेल्या एक्झॉस्टमध्ये सोडलेल्या डिझेलचा, त्यात रंग मिसळलेला. बीदरचं लहान पोरगंही मान वर करून टाळ्या वाजवतं, मामाही वाजवतात. त्या दिवशी विमानं नुसतीच गेली, रंग नव्हता. तरी मामा जीपच्या ढगाकडं आणि मग आभाळाकडं बघत म्हणाले, "ह्येच्यात थोडा रंग टाकला असता तर लोकं टाळ्या वाजवले असते बग."

जीप नापास झाली. ड्रायव्हर पोराला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण या बोलण्याची भाषा सगळ्या देशात एकच आहे. दिल्लीतल्या पीयूसी केंद्रांची दप्तरं महालेखापरीक्षकांनी तपासली, तो अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत आला. त्यात एकाच केंद्रावर एकाच वेळी दोन-दोन गाड्या तपासल्याच्या नोंदी निघाल्या आणि मर्यादेबाहेर आकडे असूनही पास झालेल्या गाड्या एक लाखाच्या वर. आता गाडीचा नंबरप्लेटसह फोटो काढावा लागतो, म्हणून निदान गाडी आणावी लागते. पूर्वी नुसता नंबर आला तरी भागायचं.

आमची पाळी आली. पोरानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. मामा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसले होते, जणू गाडी पळून जाईल. पडद्यावरचा आकडा चढला, थांबला, दोनच्या आसपास घुटमळला. हायड्रोकार्बन हजाराच्या खाली.

"आयतु," पोरगा म्हणाला. प्रिंटर करकरला. शंभर-सव्वाशे रुपयांत गाडी सहा महिन्यांसाठी शुद्ध झाली. भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षभराची मुदत मिळते, जुन्यांना सहाच महिने.

परतताना मला वाटलं, यात बिचाऱ्या उस्तादांना कोणी लबाड का म्हणावं! गाडी तपासतात ती उभी असताना, रिकामी, तापलेली, एका मिनिटापुरती. औरादच्या चढावर ती कशी वागते हे कोणी विचारतच नाही. मग त्या एका मिनिटाची तयारी करायची नाही तर कशाची? जर्मनीच्या फोक्सवॅगननंही हेच केलं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं, की त्यांच्या डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं, जे तपासणी चाललीय हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. रस्त्यावर आल्यावर काही गाड्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. कंपनीला अब्जावधी डॉलर भरावे लागले. मी हे उस्तादांना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "स्क्रू नहीं था उनके पास?"

मामांच्या डोक्यात मात्र तोवर पुढचं गणित सुरू झालं होतं. पंधरा वर्षं झाल्यावर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. २०१३ मध्ये केली, २०१८ मध्ये केली, २०२३ मध्ये केली तेव्हा फी सहाशेची पाच हजार झालेली होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. म्हणजे २०२८ मध्ये फी गाडीच्या किमतीला गाठणार आणि पुढच्या वेळी मागे टाकणार. दिल्लीत असते तर पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायचीच पंचाईत झाली असती. मामा म्हणाले, आपण दिल्लीत नाही हे बरं केलं. जसं काही त्यांनी ते ठरवून केलं होतं.

हे सगळं बोलणं झालं ते पुन्हा लिंबाच्या झाडाखाली. कारण पांढऱ्या खुणेवर गाडी केंद्रापासून गॅरेजपर्यंत दोन ठिकाणी बंद पडली होती आणि एका छोट्या चढावर मागच्या सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकताना 'काय गुर्जी, बरं हाय का?' विचारलं होतं. मामांचा चेहरा पडला होता. उस्तादांनी काही न विचारता बॉनेट उघडलं, स्क्रू पांढऱ्यावरून लालवर आणला. इंजिनाचा आवाज भरला.

"अब गुर्जी की गाडी बनी."

मामांनी खिशात हात घातला तर उस्ताद म्हणाले, याचे पैसे नाहीत, जाण्या-येण्याचं एकदमच घेतलंय. तेवढ्यात ती मघाची जीप झाडाखाली येऊन उभी राहिली, मागे धुराचा पट्टा सोडत. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "उस्ताद, हमारी भी सफेद पे करो."

"डीजल में सफेद नहीं होता," उस्ताद म्हणाले, आणि तर्जनी पुढं करून जीपच्या मागच्या बाजूला गेले.